चोविसावा चेंडू

मथुराने कोयता थांबवला नाही. सुरमईचे तुकडे पाडता पाडता, माझ्याकडे न बघता तिनं सांगून टाकलं की होडी विकली. मी एवढंच विचारलं होतं की ही सुरमई तिच्या नवऱ्याची, चंदूची का. अकरा महिने मी बोरिवलीच्या याच बाजारात तिच्या मागच्या गल्लीनं जात होतो, तिची पाठ लांबून ओळखून दुसऱ्या बाईकडून मासे घेत होतो. आज ती दुसरी बाई आली नव्हती, आणि मथुराने मान वळवून मला गाठलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. तोंड उघडलं तर पहिला शब्द चंदूच निघाला. "होरी इकली आमी," ती म्हणाली. "पुनवेला नारल टाकला नि दुसऱ्या दिसाला होरी दिली." का म्हणून विचारायला नको होतं, पण विचारलं. तेव्हा तिनं वर बघितलं. "तुमाला म्हाईत नाय भावजी? तुमच्या त्या खेलन्यानंच त्याला कललं ना, डावा हात गेला म्हनून. बरं झालं, तुमच्या हॉलमदी कललं. पान्यात कललं असतं तर?" तिच्या बोलण्यात राग असता तर मी तो निमूटपणे पिशवीत घालून घरी गेलो असतो. पण ती माझे उपकार मानत होती. दोन तुकडे तिनं वरून घातले, पैसे उद्या दिले तरी चालतील म्हणाली, मी ते तिथेच मोजून ठेवले आणि बाहेर आलो.

बाहेर रस्त्यावर ऊन होतं. घराची वाट उजव्या हाताला, तिथं बायको, सुहासिनी, वाटण करून बसलेली. मी डावीकडे वळलो आणि रिक्षाला हात केला. मार्वे जेट्टी म्हणालो. आपण काय करतोय ते मला रिक्षा लिंक रोडला लागल्यावर समजलं, आणि हेही समजलं की कोळ्याच्या घरी पिशवीतून मासे घेऊन निघालेला मीच पहिला शहाणा असणार.

आता हे खेळणं म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे, नाहीतर साठीतल्या माणसाचा प्लास्टिकच्या ठोकळ्यांपायी जीव कशाला जातो ते कुणाच्या लक्षात यायचं नाही. लहान मुलांचे एकमेकांत टचकन बसणारे ठोकळे असतात, त्यांचं प्रत्येकानं आपापल्या घरी एक यंत्र बांधायचं. यंत्राच्या डाव्या बाजूला एक पेटी. शेजारच्याच्या यंत्रातून चेंडू त्या पेटीत पडणार. आपण ते उचलायचे, चढवायचे, फिरवायचे, घसरवायचे, मध्ये काय करायचं ते ज्याचं त्यानं बघावं, आणि शेवटी उजवीकडच्याच्या पेटीत टाकायचे. सेकंदाला एक चेंडू, हा नियम. वर्षातून एकदा, डिसेंबरच्या एका रविवारी, बोरिवलीतल्या एका हॉलमध्ये आम्ही पंधरा जण आपापली यंत्रं घेऊन येतो, टेबलं जोडून ओळीनं मांडतो, शेवटचं पहिल्याला भिडवतो, आणि पाचशे चेंडू सकाळपासून संध्याकाळपर्यंत गोल फिरत राहतात. बाकी काही नाही. कुणाला बक्षीस नाही. मला तेच आवडायचं. शेजारच्याचं यंत्र आतून कसं आहे ते कळायची गरज नाही, तो कोण, कुठला, तेही नाही. फक्त चेंडू सगळ्यांचा एक हवा. चौदा मिलिमीटर, ना कमी ना जास्त. आणि चेंडूंचं खातं पहिल्या वर्षापासून माझ्याकडे होतं, कारण मी टूलरूमचा माणूस. मरोळच्या इंडस्ट्रियल एस्टेटमध्ये एकाच कारखान्यात चौतीस वर्षं मी साचे बनवले. मितेश, जो हे सगळं जमवतो, तो नवीन पोरांना माझी ओळख करून देताना सांगायचा की नंदूकाकांना मायक्रोमीटर लागत नाही, बोटं लागतात. आणि मी आपला हसायचो. नको म्हणायला काय झालं होतं मला.

खोटं नव्हतं ते. माझ्या बोटांना मिलिमीटरचे दोन शतांश समजायचे. एक सपाट तुकडा अंगठा आणि पहिलं बोट यांत धरायचा, दुसरा धरायचा, आणि सांगायचं कुठला जाड. टूलरूममध्ये पैज लावायचे लोक. आमचा फोरमन धोंडिराम, कडक माणूस, कोल्हापूरकडचा, तोसुद्धा ग्राइंडरवरून उठून बघायला यायचा. त्याचा एक रिवाज होता. दाराजवळ एक लाल रंग दिलेलं टेबल. कुणाच्या हातून जॉब, म्हणजे घडवायला घेतलेला तुकडा, बिघडला तर त्यानं तो स्वतःच्या हातानं, जेवणाच्या सुट्टीआधी, आपला बिल्ला वर ठेवून त्या टेबलावर मांडायचा. ज्यानं मांडला त्याला धोंडिराम एक शब्द विचारत नसे. ज्यानं लपवला, दुसऱ्याच्या भंगारात सरकवला, त्याच्याशी तो महिना महिना बोलत नसे, आणि त्याचं न बोलणं मालकाच्या मेमोपेक्षा जड जायचं. चौतीस वर्षांत मी त्या टेबलावर चार वेळा बिल्ला ठेवला. चारही वेळा मला जेवण गोड लागलं होतं. हे सगळं मला रिक्षात, मालाडच्या सिग्नलला, शेजारच्या टेम्पोचा धूर खात आठवत होतं, आणि मला स्वतःची किळस येत होती.

चंदू मला त्या टूलरूममुळेच भेटला. मनोरीचा कोळी, डावखुरा, स्वतःची होडी, इंजिनाच्या शाफ्टचं बुश कुणी नीट करून देईना म्हणून विचारत विचारत मरोळला आलेला. जेवणाची सुट्टी होती आणि मी डब्याशेजारी ठोकळ्यांचं काहीतरी जुळवत बसलो होतो. माझ्या मुलीचे, निधीचे ठोकळे. ती मोठी झाली, तिनं ते माळ्यावर टाकले, मी काढले. चंदू बुशचं विसरला. उकिडवा बसून बघत राहिला आणि म्हणाला, हे वर चढतं ते साखळीनं चढव रे, दांड्यानं कशाला. पहिल्या भेटीत अरे-तुरे. पुढच्या बाराएक वर्षांत तो नंद्या म्हणायचा, मी चंद्या म्हणायचो, आणि दोघांच्या बायका आम्हाला वेडे म्हणायच्या. जून-जुलैत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, मासेमारी बंद, तेव्हा तो बांधायचा. त्याचं यंत्र म्हणजे एक उंच साखळी, तिला छोट्या छोट्या टोपल्या, मथुराच्या पाटीसारख्या, आणि प्रत्येक टोपलीत बरोबर एक चेंडू. बाकीच्यांची यंत्रं ढिली असतात, चार चेंडू आले काय, सहा आले काय, ढकलून देतात. चंदूचं तसं नाही. "माप म्हंजे माप," म्हणायचा. जाळ्याचा आस, म्हणजे जाळ्याचं भोक, जेवढा तेवढाच मासा, असं त्याचं म्हणणं. मी त्याच्या डावीकडे असायचो. दर वर्षी माझे चेंडू त्याच्या पेटीत. मितेशला सांगावं लागत नसे, आमची टेबलं आधीच ठरलेली.

मार्व्याला बोट लागायची होती. जेट्टीवर दोन स्कूटर, एक बाई नारळाची पोती घेऊन, सुट्टीवर निघालेली कॉलेजची पोरं. माझा फोन वाजला. सुहासिनी. मासे कुठं राहिले म्हणाली. मी म्हटलं मनोरीला चाललोय. ती म्हणाली, बरं, सांगून टाका. तिला माहीत होतं. तिला मी कधी काही सांगितलं नव्हतं, पण घरात एक माणूस अकरा महिने एका विशिष्ट बाईकडचे मासे आणत नाही, हे बायकोपासून लपत नाही. बोटीत बसलो. खाडीचं पाणी मळकट हिरवं, इंजिनाचा आवाज, आणि पिशवीतल्या सुरमईतून पाणी गळून माझ्या चपलेवर. मी पिशवी बोटांत अडकवून धरली होती आणि तिचं वजन मला मनगटात कळत होतं, बोटांत नाही.

कारण बोटं गेली होती. चंदूची नाही, माझी. दोन वर्षांपूर्वी साखरेनं माझ्या बोटांची टोकं बधिर व्हायला लागली. आधी पायांची, मग हातांची. शर्टाचं बटण लावताना ते लागलं की नाही हे बघून ठरवावं लागायचं. डॉक्टर म्हणाले होतं असं, सांभाळा. मी सुहासिनीला पायांचं सांगितलं, हातांचं नाही. हातांचं कुणालाच नाही. कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस; त्याच्याजवळ उरलेलं काय, तर मितेशचं ते वाक्य, की काकांना बोटं लागतात. गेल्या डिसेंबरात, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मोजले तर चेंडू दोन डझन कमी. कुणाच्या तरी कपाटाखाली गेले असतील. मी खाली जाऊन खेळण्यांच्या दुकानातून चोवीस घेतले. दुसऱ्या बनावटीचे, पण दिसायला तेच, रंग तोच. मी पितळेची एक पट्टी बनवून ठेवलेली आहे, तिच्यात चौदाचं भोक; चेंडू त्यातून खाली पडला की पास. प्रत्येक चेंडू त्यातून घालायचा हा माझाच नियम. त्या दिवशी पट्टी ड्रॉवरमध्ये होती. ड्रॉवर दोन हातांवर. मी चेंडू अंगठ्यात आणि बोटात धरला, जुना धरला, पुन्हा नवा धरला, आणि मला काहीच कळलं नाही. आणि काहीच कळलं नाही हे मी स्वतःला सारखे आहेत म्हणून सांगितलं. आळस नव्हता. पट्टी काढली असती तर मान्य करावं लागलं असतं. एवढंच कारण. दुसरं कुठलंही मी अकरा महिने शोधलं, मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला चक्र सुरू झालं आणि वीस मिनिटांत चंदूची साखळी अडकली. चेंडू त्याच्या पेटीतून ओसंडून जमिनीवर. सगळ्यांनी आपापली बटणं बंद केली. चंदूनं उघडलं, चेंडू काढले, साखळी बसवली. पुन्हा अडकली. तिसऱ्या वेळी एक टोपली तुटली आणि मोटार जळल्याचा वास आला. मी शेजारीच, खाली वाकून गोळा करायला लागलो, आणि तुटलेल्या टोपलीतला चेंडू माझ्या हातात आला. टोपलीच्या कडांचे ओरखडे त्याच्यावर होते. मला बोटांनी नाही, डोळ्यांनी कळलं. मुठीत धरून मी उभा राहिलो. मितेश चंदूला फार नरमाईनं म्हणाला की काका, तुमचं जरा बाजूला ठेवू, मुलं थांबलीत. त्यांनी चंदूचं यंत्र उचलून भिंतीशी ठेवलं, टेबलं सरकवली, माझं यंत्र त्याच्या पलीकडच्याला जोडलं, आणि चक्र संध्याकाळपर्यंत एकदाही थांबलं नाही. दोष चंदूचाच, याला याहून मोठा पुरावा कोणता? चंदू घाम पुसत माझ्याजवळ आला. डावा हात उघडझाप करत होता. "साखली ढिली बसली माजी," म्हणाला. "दर्यातपन दोर सुटला हातातनं दोन टायम. मी कुनाला बोललो नाय. हात गेला वाटतं नंद्या." आणि मी, मुठीत चेंडू, म्हणालो, होतं रे असं या वयात.

पाच शब्द. मी ते नंतर मोजलेत.

त्या संध्याकाळी घरी आल्याबरोबर मी मायक्रोमीटर काढला आणि मुठीतून आणलेला तो चेंडू मोजला. चौदा पॉइंट तीन. पुन्हा मोजला, पॉइंट तीनच. तीन दशांश म्हणजे आमच्या टूलरूममध्ये झाडूवाल्यालासुद्धा हाताला लागलं असतं. मग सगळे चेंडू पितळेच्या पट्टीतून काढले. मुठीतला धरून तेवीस अडकले. चोविसावा नव्हता. तो कुठं असणार हे मला लगेच समजलं. चंदूच्या यंत्राच्या पोटात, साखळीच्या खालच्या वळणाला. तो घरी जाईल, यंत्र खोलेल, त्याला सापडेल, त्याची बोटं तर शाबूत आहेत, त्याला एका क्षणात कळेल, आणि तो फोन करून मला आईमाईवरून शिव्या घालेल. मी वाट बघत होतो. खरंच. आठवडाभर फोन वाजला की आधी नाव बघायचो आणि तो चंदूचा नसला की मोकळं वाटायचं. मग महिना गेला. मग मला वाटायला लागलं, सापडला असेल, त्यानं मनावर घेतलं नसेल. मग जून आला, बांधायचे दिवस, त्याचा फोन नाही, आणि मीही केला नाही. आपलं ठेवावं झाकून. झाकून झाकून माणूस किती दिवस जेवू शकतो, झोपू शकतो, नातेवाइकांच्या लग्नात आहेर करू शकतो, हे मला गेल्या अकरा महिन्यांत समजलं. फार सहज जमतं. त्याचीच जास्त भीती वाटते.

मनोरीला उतरून चालत गेलो. चंदू ओट्यावर जाळं घेऊन बसला होता, दुसऱ्या कुणाचं तरी, फाटलेलं सांधून देत होता. उजव्या हातानं गाठी मारत होता आणि डावा हात नुसता मांडीवर, जाळं दाबून ठेवायला. मला बघून त्याला आनंद झाला. तेच सोसवेना. पिशवी बघून म्हणाला, हे काय, मला मासे? आणि आत जाऊन पाणी घेऊन आला, तांब्या उजव्या हातात. मी उभाच राहिलो. म्हटलं, यंत्र कुठाय तुझं? पोटमाळ्यावर, म्हणाला. त्या दिवशी बांधून आणलं तसं टाकलंय, खोललं नाही. मथुरा म्हणत होती देऊन टाक कुणाला, पण नको म्हटलं, खराब माल कशाला द्यायचा.

मी म्हटलं, काढ. त्यानं काढलं. जुन्या चादरीची गाठ सुटता सुटेना, ती त्यानं दातांनी सोडवली. मी साखळीच्या खालच्या वळणाची बाजू उघडली, ठोकळे माझ्या हातून दोनदा निसटले, तो बघत होता. चेंडू तिथंच होता, दोन टोपल्यांच्या मध्ये चेपलेला. मी तो त्याच्या पुढ्यात, जाळ्यावर ठेवला. आणि सांगितलं. दुकान, पट्टी, बोटं, मूठ, सगळं. बसलो नव्हतो, उभ्यानंच सांगितलं. सांगताना मला वाटलं होतं त्यापेक्षा ते फार लहान निघालं, चार-सहा वाक्यांत संपलं.

त्यानं चेंडू उचलला नाही. म्हणाला, "मोजलास?"

"मोजला. याच्या जोडीचा. चौदा पॉइंट तीन."

"कदी?"

मी खोटं बोलू शकलो असतो. काल म्हणालो असतो, आज सकाळी म्हणालो असतो. "त्याच संध्याकाळी," म्हटलं.

चंदूनं मान हलवली. तो उठला, आतून एक बरणी आणली, त्याचे स्वतःचे जुने चेंडू, घरी यंत्र चालवून बघायचे. त्यातला एक काढून तो त्यानं नव्याशेजारी ठेवला. डोळे मिटले. दोन्ही डाव्या हातानं चाचपले आणि एक वर धरला. मोठा तोच होता. खाली ठेवून त्यानं मला ते फिरवायला सांगितलं. मी फिरवले. पुन्हा बरोबर. पुन्हा फिरवले. पाच वेळा, सहा वेळा, अकरा महिने मांडीवर पडलेल्या त्या हातानं एकदाही चूक केली नाही. मग त्यानं जाळ्याची सुई डाव्या हातात घेतली आणि गाठ मारली, दुसरी मारली, तिसरी, भराभर, आणि एका गाठीवर थांबून ती ओढून बघितली. पक्की होती. त्याच्या तोंडावर जे काही आलं ते मला बघवलं नाही. तो रागावला नव्हता. त्याला आनंद झाला होता. ज्याच्यामुळे हे सगळं झालं तो मी समोर उभा आहे, हे तो त्या घटकेला विसरलाच होता. मला वाटलं त्यानं उठून कानाखाली मारावी, त्या डाव्या हातानंच. मी तिथंच ओट्याच्या कडेला बसलो.

दुपार कलली तेव्हा मथुरा आली. रिकामी पाटी डोक्यावरून उतरवता उतरवता तिला माझी चप्पल दिसली, मग मी, मग चादरीवर उघडं पडलेलं यंत्र. चंदू उभा राहिला. डावा हात तिच्यासमोर धरून बोटं उघडझाप करत म्हणाला, "मथुरे, बग. हात चांगला हाय माजा. कायपन झाला नवता. त्याचा चेंडूच मोठा होता."

तिनं हाताकडे बघितलं. मग अंगणाकडे. ओट्यासमोर, दोन माडांच्या मधे, जिथं होडी ओढून ठेवत असत, तिथं आता कुणाची तरी मोटारसायकल उभी होती.

"मंग होरी कशाला इकली?" तिनं विचारलं.

त्यानं हात खाली घेतला आणि मग दोघंही माझ्याकडे बघायला लागली.